सासूबाईंची माघार

रविवारी तुमचे मिस्टर काय करतात, असं कुणी विचारलं की माझी बायको "वाचन" असं सांगते. हे खोटं आहे, पण त्यामागे तिचा माझ्याबद्दलचा कळवळा आहे. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, अंधेरीला एका विमा कंपनीत दावे तपासणारा माणूस सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर पसरतो, त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक मांडतो आणि शिंप्याच्या टेपने अंतरं मोजत त्यांची लढाई लावतो, हे मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सांगण्यासारखं नाही. लिफ्टमध्ये लोक वेगळ्या नजरेने बघायला लागतील.

हा नाद मला ऑफिसातल्या एका मित्राने लावला. मालाडला एका कोचिंग क्लासच्या वरची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते, तिथे आम्ही पाच-सहा जण जमतो. सगळे माझ्याच वयाचे. प्रत्येकाकडे दोन चष्मे, एक सैनिक रंगवायला आणि दुसरा ते कुठे उभे आहेत ते बघायला. थ्रीडी प्रिंटर ज्याच्याकडे आहे तो सैनिक छापून देतो, रंगवायचे ज्याचे त्याने. डोळे रंगवताना माझा हात हलतो, त्यामुळे माझे मावळे एकजात तिरळे झाले आहेत. मित्र म्हणतो, "तुझी तुकडी नेमकी कुणावर चालून येतेय तेच कळत नाही रे. हाच तुझा फायदा."

फायदा अजून तरी झालेला नाही. मी जवळजवळ नेहमी हरतो, आणि का हरतो ते समजायला आधी थोडे नियम सांगावे लागतील. थोडेच सांगतो. नियमांचं पुस्तक परदेशी आणि जाडजूड आहे, पण लढाईचा जीव त्यातल्या दोनच प्रकरणांत आहे. दोन तुकड्या एकमेकींना भिडल्यावर काय होतं हे एक, आणि त्यातली एक हरल्यावर काय होतं हे दुसरं. पहिल्याला आम्ही हातघाई म्हणतो, दुसऱ्याला माघार.

तुकडी म्हणजे पुठ्ठ्याच्या छोट्या ट्रेवर उभे केलेले आठ-दहा गडी. दोन ट्रेंच्या कडा एकमेकींना टेकल्या की हातघाई सुरू. आता बाण नाही, तोफ नाही, इकडेतिकडे सरकणं नाही. जितके गडी उभे तितके फासे टाकायचे, पाच किंवा सहा पडला की समोरचा एक आडवा. ज्याचे जास्त पडले तो झटापट हरला. पण हरला म्हणजे लगेच पळाला असं नाही. त्याच्या धीराचे दोन फासे टाकायचे. बेरीज सातच्या खाली आली तर धीर सुटला.

धीर सुटला की माघार, आणि ही माघार आपल्या मर्जीची नसते. शत्रूकडे पाठ करून सरळ मागे, सहा इंच. डावीकडे आडोसा आहे म्हणून तिकडे वळता येत नाही, मध्येच थांबता येत नाही. वाटेत आपलीच दुसरी तुकडी उभी असली तर दोन्ही विस्कटतात. मागे नदी असली किंवा शत्रू असला, म्हणजे वाटच बंद असली, तर सगळी तुकडी उचलून डब्यात. वाट मिळाली तरी पुढची फेरी नुसती सावरण्यात जाते. जिंकलेल्याला मात्र तिथल्या तिथे ठरवावं लागतं, जागेवर थांबायचं की पाठलाग करायचा. पाठलाग करून गाठलं तर समोरची तुकडी साफ. पण आपली जागा सुटते, आणि पुढची फेरी आपल्यालाही दम खाण्यात घालवावी लागते.

याखेरीज माघारीचा आणखी एक प्रकार आहे. धीर शाबूत असताना, आपली पाळी आली की आपण होऊनच हातघाईतून निघायचं. शत्रूला पाठीवर एक फुकटचा फटका मारू द्यायचा. त्यात पडतील ते पडतील, पण उरलेले शिस्तीत जातात, हव्या त्या दिशेला जातात आणि त्यांना सावरायला वेळ लागत नाही. पाठलाग करायचा की नाही हे समोरच्याने इथेही त्याच क्षणी ठरवायचं.

मालाडच्या खोलीत हा प्रकार कुणी वापरलेला मी पाहिलेला नाही. आम्ही सगळे चौथीच्या इतिहासात गनिमी कावा शिकलेले. हुलकावणी द्यायची, पळण्याचं सोंग करायचं, शत्रूला दमवायचं, हे आम्ही शाळेत पाठ केलं, त्यावर गुण मिळवले, पुढे किल्ले चढताना धापा टाकत स्वतःच्या पोरांना ऐकवलं. पण फासे हातात आले की आमच्यातला प्रत्येक जण पावनखिंड लढवायला लागतो.

"अरे, काढ ना ती तुकडी मागे. उगाच मरतेय."

"मरू दे. मागे येणार नाही."

असं सांगणारा माणूस सोमवारी साहेबाने नुसतं बघितलं तरी आपला मुद्दा मागे घेतो. मी त्याच्याच ऑफिसात आहे, म्हणून माहीत.

माझ्यात आणखी एक खोड आहे. राखीव तुकड्या मी पुढच्या तुकड्यांना मागून चिकटवून उभ्या करतो. सोसायटीत गाडी लावायची सवय, दुसरं काय. जागा दिसली की घुसवायची, पुढच्याला निघायचं असेल तर वॉचमन वर फोन करेल. रणांगणावर वॉचमन नसतो. पुढची तुकडी फुटून मागचीवर आदळते, ती तिच्या मागचीवर, आणि बघता बघता माझ्या सैन्याचा पराभव माझंच सैन्य करून टाकतं. समोरचा खेळाडू तेवढ्यात चहा पिऊन येतो.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. वय सत्तरीच्या पुढे. टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या, आणि सासरे गेल्यापासून घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मूळच्या मालवणकडच्या, पण एरवी बोलतात ते खात्यातलं, मोजूनमापून मराठी. मालवणी बाहेर पडली की समजायचं, पारा चढला आहे.

आमची मुलगी शिकायला बंगळूरला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती. बायकोने तिथे भिंतीला धरायला दांडे बसवले, बाथरूममध्ये रबरी चटई घातली, खिडकीशी आरामखुर्ची आणली आणि "आता आई कायमची आमच्याकडे" असं झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. आईला कळवायचं तेवढं राहिलं.

एका रविवारी मी टेबलावर एकटाच दोन्ही बाजू खेळत होतो. आदल्या दिवशी कुठे चुकलो ते शोधत होतो. सासूबाई वॉकर ढकलत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि बघत राहिल्या.

"समोर कोण खेळतंय?"

"मीच."

"आणि हरतंय कोण?"

"मीच."

"एकटेच खेळता आणि तरी हरता. कमाल आहे हो तुमची, जावईबापू."

पुढच्या रविवारी त्या समोर बसल्या. "मला ते हिरव्या झग्यातले मोगल द्या," म्हणाल्या. "त्यांचे डोळे त्यातल्या त्यात सरळ आहेत."

नियम त्यांना लवकर जमले. टेप धरताना शून्याच्या जागी अंगठा ठेवून तो हळूच पुढे सरकवायचा, हेही त्यांना लवकर जमलं. मी काही बोलायचो नाही. सासूबाईंचा अंगठा बाजूला करायला जावयाकडे जी हिंमत लागते ती माझ्याकडे नाही, आणि असती तर मालाडला उपयोगी पडली असती.

पण त्यांचं सैन्य माघार घ्यायचं, ते बघण्यासारखं होतं. आपली तुकडी हातघाईत कमी पडतेय असं दिसलं की त्या फासे पुढे ढकलायच्या. "घ्या, मारा तुमचा फटका." मी मारायचो. दोन-तीन मोगल आडवे व्हायचे. ते बाजूला ठेवून, हळदीकुंकवाहून निघाल्यासारखं "येतो हं आम्ही" असं माझ्या मावळ्यांना सांगून त्या ट्रे उचलायच्या आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीची मी जी झाडी केली आहे तिच्यामागे नेऊन ठेवायच्या. दोन फेऱ्यांनी तीच तुकडी माझ्या बगलेत यायची.

"आई, तुम्ही लढाई सोडून जाता."

"लढाई नाही सोडली. ती जागा सोडली."

"फुकटचा फटका बसतो त्यात."

"एक बसतो. तिथेच उभं राहिलं तर रोज बसतील. तुमचे बघा ना, कसे बसलेत खिळल्यासारखे."

माझे खरंच तसेच बसलेले असायचे. नदीच्या काठाशी, पाठ नदीला. नदी म्हणजे ओटीत आलेले निळे ब्लाऊजपीस. ते माझ्या घरात कधीच कमी पडत नाहीत, त्यामुळे नदी हवी तेवढी रुंद करता येते, आणि माझं सैन्य हवं तेवढं बुडतं.

असे काही महिने गेले. वॉकर गेला, काठी आली. मग एका सकाळी वॉचमनने माझ्या बायकोला कौतुकाने सांगितलं की माताजी रोज लिफ्ट सोडून जिन्याने चढतात, आधी एक मजला, आता तीन. बायको वर आली ती तशीच स्वयंपाकघरात गेली. चहाची भांडी वाजली तेव्हाच मला कळलं की आज काहीतरी आहे. पण सुरुवात सासूबाईंनीच केली.

"मी म्हणते, पुढच्या महिन्यात घाटकोपरला जावं," बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या.

"कशाला? काही आणायचंय?"

"राहायला."

"आई, तीन जिने आहेत."

"तुला वाढवलं तेव्हाही तीनच होते."

"आणि गुडघा? तोही तेव्हाचाच आहे?"

"गुडघा नवीन आहे. या खोलीतलं सगळ्यात नवीन काही असेल तर तो माझा गुडघा आहे."

"एकटी पडलीस बिडलीस तर? इथे आम्ही तरी असतो."

"तेच ना गं."

"तेच म्हणजे?"

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "म्हणजे चहा कधी ते तू ठरवतेस. टीव्हीचा आवाज तू ठरवतेस. माझा मसाल्याचा डबा तू धुऊन काढलास आणि त्यात तुमचं ते पाकिटातलं तिखट भरलंस. चांगलं करतेस, माझ्यासाठीच करतेस, मला कळतं. पण मी इथे पाहुणी आहे. पाहुणीला कंटाळा येतो गं."

"म्हणजे मी तुझा छळ करते."

"बघितलंत, जावईबापू? एवढंच ऐकू आलं हिला."

मी म्हणालो, "चहा छान झालाय." दोघींनी माझ्याकडे बघितलं. घरात एकमत झाल्याचा तो त्या दिवसातला एकमेव क्षण.

"डॉक्टरांना विचारू," बायको म्हणाली.

"डॉक्टराक कित्याक? घर माझा, पाय माझे. माका माझ्या घराक जावचा आसा. विषय संपलो."

विषय संपला नाही, बोलणं संपलं. दोघी एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत संदेश पाठवू लागल्या. आईला विचार, भात टाकू का. तिला सांगा, टाक. सासूबाईंना घरी जायचं होतं आणि बायकोला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं, आणि दोघी मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. टेबलावर इतक्या सहज पाय काढणाऱ्या सासूबाई जेवणाच्या ताटावर एक इंच हलत नव्हत्या. मला दोघींचंही पटत होतं. अशा माणसाचं घरात काय होतं ते विवाहित वाचकांना सांगायला नको.

त्याच आठवड्यात रविवार आला. टेबल मांडलेलं होतं आणि मी नेहमीप्रमाणे नदीकाठी अडकलेलो होतो. बायको ओले हात पदराला पुसत आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"ऊठ तू," ती म्हणाली. "मला बसू दे."

इतक्या वर्षांत ती या टेबलाशी फक्त चादर परत मागायला आली होती.

"तुला नियम..."

"सगळे पाठ आहेत. स्वयंपाकघराला दार आहे, पण ते बंद कुठे असतं? नव्याने मांड." ती बसली आणि समोर बघून, त्या आठवड्यात पहिल्यांदा, थेट बोलली. "आई, मी जिंकले तर तू इथे राहायचं. परत विषय काढायचा नाही."

"आणि मी जिंकले तर?"

"तर येत्या रविवारी मी स्वतः तुला घाटकोपरला सोडून येते."

"तोंड पाडून नाही यायचं."

"ते मी सांगू शकत नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "पंच कोण?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. माझी बायको माझ्या फौजेने खेळणार आणि माझ्या सासूबाई तिच्याविरुद्ध, आणि निकाल मी द्यायचा. दावे तपासताना अशी प्रकरणं माझ्यासमोर आली की मी ती वरच्या साहेबांकडे पाठवतो. इथे वर फक्त पंखा होता.

डाव साधा ठेवला. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलची टेकडी मधोमध. शेवटची फेरी संपताना टेकडीवर ज्याची तुकडी, तो जिंकला. प्रत्येक फेरीत आधी बायकोची पाळी, मग सासूबाईंची.

बायको कशी खेळली, ते मी मालाडला जाऊन सविस्तर सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. तिने राखीव तुकड्यांच्या मागे-पुढे जागा ठेवली. ("तू लावतोस तशी गर्दी नको," असं मला सुनावून.) नदी टाळली. पायदळ संथपणे पुढे नेलं आणि घोडदळ शेवटापर्यंत राखून ठेवलं. सासूबाईंनी टेकडीवर आपली सगळ्यात मोठी तुकडी चढवली होती. बाकीचे मोगल इकडेतिकडे विखुरलेले, आणि घासणीच्या झाडीमागे तीन तिरंदाज उरलेले, ज्यांच्याकडे मीसुद्धा लक्ष देत नव्हतो.

शेवटून दुसऱ्या फेरीत बायकोने घोडदळ टेकडीवर घातलं. कडा टेकल्या. हातघाई. तिने फासे मुठीत खुळखुळवून टाकले आणि चार मोगल आडवे झाले. सासूबाईंच्या फाशांनी एकच घोडा गेला. धीराची बेरीज आठ आली. मोगल हलले नाहीत.

"टिकले," मी म्हणालो.

"टिकले, पण किती वेळ?" बायको म्हणाली. तिच्या गालावर रंग चढला होता. "आता तुझी पाळी, आई."

सासूबाईंनी टेबलावरून एकदा नजर फिरवली. मग फासे तिच्याकडे ढकलले. "घे. मार फटका."

"म्हणजे?"

"म्हणजे मी निघते. टेकडी ठेव तुलाच. मी चालले."

बायकोने फटका मारला. आणखी दोघे पडले. सासूबाईंनी उरलेली तुकडी उचलली आणि टेकडीच्या पलीकडे, डाव्या अंगाने, टेबलाच्या कडेच्या दिशेने नेऊन ठेवली. टेकडीवर आता फक्त माझ्या बायकोचे घोडे. तिने तिथे नुसतं बसून राहायचं होतं. एक फेरी. तिचं पायदळ अजून मागे होतं, पण घोडे जागेवर राहिले असते तर त्या विखुरलेल्या मोगलांत त्यांना हलवण्याची ताकद नव्हती.

"पाठलाग करता येतो ना?" तिने विचारलं.

"येतो," मी म्हणालो. पंचाने विचारलं तेवढंच सांगायचं असतं. तरी मला खोकला आला.

"पंचांनी खोकूचा नाय," सासूबाई म्हणाल्या.

बायको माझ्याकडे बघतही नव्हती. ती त्या पाठमोऱ्या ट्रेकडे बघत होती. "अशी कशी चाललीस?" ती म्हणाली, मोगलांना म्हणाली की आईला, ते मी पंच म्हणून सांगू शकत नाही. "थांब तू." आणि तिने घोडे उचलून टेकडीवरून खाली घातले. गाठलं. मोगलांची ती तुकडी सगळीच्या सगळी आडवी झाली.

"संपली!" ती खुर्चीतून उठलीच. "संपली बघ तुझी तुकडी!"

"संपली खरी," सासूबाई म्हणाल्या.

शेवटच्या फेरीत बायकोची पाळी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. घोडे टेबलाच्या कडेला दम खात उभे. पायदळाने सगळी चाल वापरली तरी ते टेकडीच्या पायथ्यापाशीच संपलं. मग सासूबाईंनी घासणीच्या झाडीमागून ते तीन तिरंदाज बाहेर काढले आणि टेप हातात घेतली.

"अंगठा काढ," बायको म्हणाली.

"काढला."

"पूर्ण काढ. तूच मोज रे."

मी टेप घेतली. सासूबाईंनी दोन्ही हात वर केले, पोलिसांपुढे करतात तसे. मी वाकलो, चष्मा बदलला, परत वाकलो. तिरंदाजांची चाल सहा इंचांची, आणि सहाची खूण थर्माकोलच्या कडेच्या आत, दोऱ्याएवढी, पण आत होती. वर बघितलं तर दोघींचे चेहरे एका रेषेत, आणि त्या घडीला दोघी फार सारख्या दिसत होत्या.

"पोचतात," मी म्हणालो.

"हे चालतं?"

"चालतं."

चादरीची एक सुरकुती बायकोने हाताने नीट केली, मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नाही, नळ नाही, काही नाही. मी मेलेले मोगल डब्यात भरायला घेतले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने त्या काठी घेऊन आत गेल्या. दार नेहमीसारखं उघडंच होतं.

"टेकडी होती ना गो हातात," त्यांचा आवाज आला. "सगळे नियम पाठ म्हणालीस. मग धावलीस कशाला मागे?"

"माहीत नाही."

"माहीत कसं नाही?"

"तू चाललीस, मी धावले. बस."

मग डाळीचा डबा कुठे ठेवलास यावर दोघींचं सुरू झालं आणि मी ट्रे पुसायला लागलो.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांना सोडायला गेलो. बायकोने शब्द पाळला, तोंड पाडायचं की नाही हे तिने मोकळं ठेवलं होतं त्याप्रमाणे पाडलंही. जिने चढताना ती आईच्या एक पायरी मागे होती, हात पुढे करून, पण न लावता. सासूबाई प्रत्येक वळणावर थांबत होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीने दाराबाहेर त्यांच्यासाठी स्टूल ठेवलं होतं, त्यावर बसून त्यांनी त्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची खबर घेतली. मला वाटलं, हा मुक्काम इथेच पडणार.

घर उघडलं. बायकोने दिवसभर धूळ झटकली, गॅसची नळी बदलून घेतली, मोरीत रबरी चटई टाकली. चटईला सासूबाईंनी हरकत घेतली नाही. पाकिटातलं तिखट बायकोने आणलं नव्हतं. संध्याकाळ व्हायला आली तरी ती एकच फळी परत परत पुसत राहिली.

"निघा आता," सासूबाई म्हणाल्या. "माझी मालिकेची वेळ झाली."

"आई, काही वाटलं तर परत येशील?"

"येईन की. तुझ्याकडे यायला काय लाज आहे?"

"खरं सांग."

"खरं सांगते. पण मी माझं ठरवून येईन. तू येऊन उचलून नाही न्यायचं."

आता रविवारी आम्हीच घाटकोपरला जातो. तिथलं टेबल लहान आहे, त्यामुळे टेकडी अर्धी कापावी लागली आणि नदी ओहोळावर आली. माझ्या फौजेने आता कधी मी खेळतो, कधी बायको. बायको खेळते तेव्हा डाव लांबतो आणि भांडणही. मी खेळतो तेव्हा आम्ही लवकर जेवायला बसतो.

दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने सवयीने पर्स उघडली होती. मग बंद केली आणि बेल दाबली. आतून आधी टीव्ही बारीक झाल्याचा आवाज येतो, मग काठीचा, मग पुष्कळ वेळ कसलाच नाही. मी सैनिकांचा खोका हातात घेऊन उभा असतो आणि हात भरून येतात. एकदा मी म्हणालो, "उघड ना तू, आहे ना किल्ली."

"येतेय ती," बायको म्हणाली. "थांब जरा."